एजंट भलतंच टूल उचलतो, डिस्क्रिप्शन नक्की लिहायचं कसं?

घाटावरचा_कोडर
मंडळी, डोकं चालत नाहीये. एका डिस्ट्रिब्युटरच्या बिलिंगवर एआय एजंट बसवतोय, एमसीपी सर्व्हर (एआयला बाहेरची टूल्स जोडून देणारा प्रोग्रॅम) लिहिलाय, त्यात चौदा टूल्स, म्हणजे एजंटने कॉल करायची फंक्शन्स, आहेत, हाताने कॉल केलं की सगळी बरोबर चालतात. पण एजंट कधी कुठलं उचलेल याचा नेम नाही. त्यात दोन आहेत, 'सर्च_बिल' (डिस्क्रिप्शन: बिल शोधतं) आणि 'गेट_बिल' (बिलाची माहिती देतं). काल मालक शेजारीच बसलेले, मी टाईप केलं की अमक्या पार्टीची गेल्या वर्षीची बिलं दाखव, तर या बाबाने गेट_बिल उचललं, बिल नंबरच्या जागी पार्टीचं नाव कोंबलं, काही मिळालं नाही तर ठासून सांगितलं की या पार्टीचं एकही बिल नाही. मालक म्हणाले अरे तीन लाख येणं आहे त्याच्याकडून, ते पण गेलं का? मॉडेल बदलू का?

रात्रपाळी
मॉडेलला हात लावू नकोस अजून. त्याला तुझा कोड दिसत नाही रे, त्याच्यापुढे टूलचं नाव, डिस्क्रिप्शन आणि पॅरामीटर्सचा स्कीमा (कुठली माहिती कुठल्या स्वरूपात द्यायची तो साचा) एवढंच येतं. दुकानात नवीन पोरगा ठेवला आणि दोन कपाटांवर 'बिलं' आणि 'बिलांची माहिती' अशा चिठ्ठ्या चिकटवल्या तर तो तरी काय करेल. मी सर्च_बिलला असं लिहिलं असतं:

'पार्टी, तारीख किंवा रकमेवरून बिलांची यादी देतं. बिल नंबर माहीत नसेल तेव्हा हेच वापरा. यादीत नंबर, तारीख आणि एकूण रक्कमच येते, आतले आयटम हवे असतील तर तो नंबर गेट_बिलला द्या.'

आणि गेट_बिलला 'एकाच बिलाचा पूर्ण तपशील. नेमका बिल नंबर असेल तरच. पार्टीचं नाव इथे चालत नाही.' कधी वापरायचं नाही हे कोणी लिहीतच नाही आणि नेमकं तिथेच एजंट घसरतो.

जेसन_आणि_मिसळ
+१, पण खरी गंमत पॅरामीटर्समध्ये आहे. तुझ्याकडे 'पार्टी' असं नाव असेल तर ते नाव की कोड की जीएसटी नंबर? जीएसटी नंबर हवा असेल तर पंधरा अक्षरी, महाराष्ट्रातला असेल तर 27 ने सुरू, असं लिहून टाक, स्कीमात पॅटर्नही देता येतो. तारीख 04/05/2025 आली तर चार मे की पाच एप्रिल? 2025-05-04 असाच फॉरमॅट माग. आणि 'गेल्या वर्षी' म्हटलं की एजंट जानेवारी ते डिसेंबर धरणार, तुझे मालक एप्रिल ते मार्च, तेही लिहावं लागतं.
रकमेचं तर विचारूच नका. पेमेंट गेटवेला रक्कम पैशात द्यायची होती, 500 रुपये म्हणजे 50000, आणि मी डिस्क्रिप्शनमध्ये फक्त 'रक्कम' लिहिलेलं. एजंटने 700 रुपयांच्या रिफंडला 700 पाठवले, कस्टमरला सात रुपये गेले. उलटं झालं नाही हे नशीब. तेव्हापासून पॅरामीटरचं नावच 'रक्कम_पैशात' ठेवतो, नाव बरोबर असलं की निम्मं डिस्क्रिप्शन लिहावंच लागत नाही.

जुना_खोडकर
सगळे निबंध लिहायला सांगतायत म्हणून थोडं उलटं बोलतो. ही डिस्क्रिप्शन्स दर वेळी मॉडेलकडे जातात, टोकन (मॉडेल मजकूर ज्या तुकड्यांत मोजतं ते) खातात. चौदा टूल्स खरंच हवीत का ते आधी बघा, जी दोन टूल्स वेगळी कशी हे तुम्हालाच एका वाक्यात सांगता येत नाही ती एक करा.
दुसरं म्हणजे तुमचं टूल चुकीचा इनपुट आला तरी 'सापडलं नाही' म्हणतं, मग एजंटने तेच मालकांना सांगितलं, त्याचं काय चुकलं? 'हा बिल नंबर वाटत नाही, नावावरून शोधायला सर्च_बिल वापरा' असा एरर दिला असता तर त्याने स्वतःच पुढच्या कॉलला सुधारलं असतं.
आणि बिल रद्द करणारं टूल असेल तर 'विचारल्याशिवाय रद्द करू नका' एवढं लिहून झोपू नका. एमसीपीत टूल डिस्ट्रक्टिव्ह आहे असं सांगायची सोय आहे पण ती नुसती सूचना, कुलूप कोडमध्येच लागतं.

घाटावरचा_कोडर
अपडेट. तीन टूल्स उडवली, एरर बदलले, रात्रपाळीचा मजकूर जवळपास जसाच्या तसा चिकटवला. मालकांच्या ऑफिसात दिवसभर फोनवर जे विचारतात त्यातले वीस प्रश्न लिहून काढले आणि प्रत्येक बदलानंतर तेच चालवले. आता वीसपैकी तीनच चुकतात. तिन्ही उधारीचे, टूलचं नाव 'आउटस्टँडिंग' आहे आणि मालक कधी उधारी म्हणतात, कधी येणं, कधी नुसतंच 'बाकी किती'.

रात्रपाळी
मग ते तिन्ही शब्द टाक की डिस्क्रिप्शनमध्ये. आणि येणं आणि देणं वेगळं आहे तेही लिही, नाहीतर ते तीन लाख मालकांनाच भरायला लावेल.