नव्या सागवानी फ्लोअरिंगला फटी पडल्यात, लांबी (पुट्टी) भरून घेऊ का?

नमस्कार मंडळी. दादरला चौथ्या मजल्यावर घर आहे. गेल्या ऑगस्टमध्ये हॉल आणि बेडरूममध्ये जुन्या मोझॅकवर प्लाय मारून सागवानी पट्ट्या बसवून घेतल्या. सॉलिड लाकूड, ५ इंच रुंद, पाऊण इंच जाड, टंग-ग्रूव्हच्या, म्हणजे एकीची जीभ दुसरीच्या खाचेत बसते तशा. माल रे रोडच्या बाजारात स्वतः उभं राहून निवडला होता. गणपतीत आरतीला आलेले लोक आधी खाली बघत होते, मग मूर्तीकडे!

आता फेब्रुवारी चालू आहे आणि फटी दिसायला लागल्यात. हॉलमध्ये सगळीकडे सारख्या, नखाएवढ्या. बेडरूमचं मात्र वेगळंच. पाच-सहा पट्ट्या एकमेकींना घट्ट चिकटलेल्या आणि मग एकदम एक मोठी फट. तिच्यात तीन एटीएम कार्डं एकावर एक ठेवून जातात. परवा लेकीची केसांची पिन उभीच्या उभी आत गेली, ती फ्रिजवरचं लोहचुंबक वरून फिरवून काढली. या खोलीत रात्रभर एसी असतो.

कॉन्ट्रॅक्टर म्हणतो, "मॅडम, फेविकॉलमध्ये भुसा कालवून लांबी भरतो, वर पॉलिशचा एक हात, दोन दिवसांचं काम." त्याचा शेवटचा हप्ता माझ्याकडे आहे, त्यामुळे त्याला घाई. नवराही म्हणतोय भरून टाक. सासूबाईंचं बालपण गिरगावच्या चाळीत लाकडी जमिनीवर गेलं. त्या म्हणतात, "वरच्यांनी केर काढला की आमच्या आमटीत पडायचा, तुमच्या खाली निदान स्लॅब आहे." तर, भरू की नको?

रंधा:
नको. आधी सांगा, माल घरात आल्यावर किती दिवसांनी बसवला? आणि पट्टीचं टोक जिथे पुढच्या पट्टीच्या टोकाला भिडतं, तिथे फट आहे का?

धागाकर्ती:
तिसऱ्या दिवशी. तोवर ताडपत्रीत बांधलेलाच होता, बाहेर धो धो पाऊस. टोकांना फट नाही, आत्ताच बॅटरी मारून पाहिलं.

रंधा:
मग लाकूड सुकून आक्रसलंय. लाकूड पट्टीच्या लांबीच्या दिशेने जवळजवळ हलत नाही, रुंदीत हलतं. सागवान त्यातल्या त्यात शहाणं, तरी ओलावा १ टक्का उतरला की ५ इंची पट्टी पाव मिलिमीटरच्या आसपास आक्रसते. पावसाळ्यात बसवलेल्या लाकडातला ओलावा उन्हाळ्यापर्यंत ४ टक्के उतरला तरी दर पट्टीमागे १ मिलिमीटर झाला. एसी आणखी कोरडं करतो. माल ताडपत्री सोडून, मध्ये काड्या घालून, खोलीत निदान दोन आठवडे मोकळा रचायला हवा होता. लाकडाचा आणि खालच्या प्लायचा ओलावा मीटरने मोजून मगच ठोकायचं. ती चूक मात्र कॉन्ट्रॅक्टरची.

बेडरूममध्ये बहुतेक पॉलिश सांध्यांत उतरलंय. त्याने पाच-सहा पट्ट्या चिकटून एकच रुंद फळी झाली. प्रत्येकीची थोडी थोडी फट पडायच्या ऐवजी सगळ्यांची मिळून जो सांधा कच्चा होता तिथे उघडली.

आता लांबी भरलीत तर जुलैत पट्ट्या फुगतील आणि त्यांना जायला जागा नसेल. एकतर लांबी चिरडून वर येईल, नाहीतर जमीनच उचलेल. कडेची स्कर्टिंग एका ठिकाणी काढून बघा. भिंतीपासून १०-१२ मिलिमीटर जागा सोडलेली दिसली पाहिजे. नसेल तर लांबीचं राहू द्या, आधी ते करून घ्या.

आणि फटी मिटाव्यात म्हणून ओल्या फडक्याने पुसत बसू नका. पाणी सांध्यात मुरतं आणि पट्टीच्या कडा वर येतात.

माहीमचा_रहिवासी:
आमच्याकडे मार्चमध्ये भरली होती. ऑगस्टमध्ये लांबीच्या दोऱ्या बाहेर आल्या, शेवया उकरल्यासारख्या काढल्या.

धागाकर्ती:
शेवया! 😀 पण रंधा, पावसाळ्यातही मिटल्या नाहीत तर?

रंधा:
तर लाकूड मुळातच नीट न सुकवता विकलेलं. तेव्हा, म्हणजे ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये, लाकूड पूर्ण फुगलेलं असताना जी फट उरेल तेवढीच भरा. मोठी असेल तर भुशाऐवजी सागाचीच बारीक चीप एका बाजूला चिकटवून बसवायला सांगा. दोन्ही बाजूंना चिकटवली तर पुन्हा तोच प्रकार.

धागाकर्ती:
स्कर्टिंग काढली. खिडकीच्या बाजूला बोटभर जागा आहे, कपाटाच्या बाजूला पट्टी थेट भिंतीला टेकलेली! कॉन्ट्रॅक्टरला फोटो पाठवला. लांबी नको, शनिवारी कटर घेऊन ये म्हटलंय. बेडरूममधल्या सहा फटींजवळ पेन्सिलने खुणा केल्यात आणि किती कार्डं गेली ते कॅलेंडरवर लिहून ठेवलंय. जुलैत पुन्हा मोजून इथेच टाकते. हप्ताही तेव्हाच, हे त्याला अजून सांगितलेलं नाही.