डायलिसिस सुरू झाल्यापासून आमच्यात पथ्यापलीकडचे बोलणेच उरलेले नाही, मदत हवी आहे

नमस्कार. आम्ही पुण्यात सिंहगड रस्त्याला राहतो. माझ्या पतींचे वय ५२, माझे ४७. मधुमेहामुळे त्यांची मूत्रपिंडे निकामी झाली असून गेली २ वर्षे सोमवार, बुधवार आणि शुक्रवार असे ४-४ तासांचे डायलिसिस चालू आहे. उपचारांबद्दल माझी तक्रार नाही. विचारायचे आहे ते आम्हा दोघांबद्दल.

लघवी जवळजवळ बंद झाल्यामुळे त्यांना दिवसभरात १ लिटरच पाण्याची मुभा आहे आणि त्यातच चहा, ताक, आमटीही धरावी लागते. पोटॅशियम कमी जावे म्हणून बटाटा चिरून भिजवायचा, उकळून ते पाणी ओतून द्यायचे, घरात शहाळे आणायचे नाही, हे सगळे माझ्या अंगवळणी पडले. पडला नाही तो त्यांच्यावर ठेवावा लागणारा पहारा. मागच्या महिन्यात रात्री माठावरचे झाकण वाजले म्हणून मी उठून गेले, तर ते अंधारात पाणी पीत उभे होते. "अहो, उद्या वजन किती भरेल?" एवढेच माझ्या तोंडून निघाले. त्यांनी अर्धे भरलेले फुलपात्र ओट्यावर ठेवले आणि काही न बोलता आत जाऊन झोपले. चोरी पकडल्यासारखे मी त्यांच्याशी आजवर कधीच बोलले नव्हते.

त्यांच्या डाव्या हाताला फिस्च्युला, म्हणजे डायलिसिसच्या सुया टोचण्यासाठी शस्त्रक्रियेने केलेला धमनी आणि शिरेचा जोड, आहे. त्यातली थरथर रोज बोटांनी तपासायची असते आणि ते काम झोपण्यापूर्वी मी करते. खरे सांगायचे तर आमच्यात आता तेवढाच स्पर्श उरला आहे. तो हात दाबला जाऊ नये म्हणून आम्ही पलंगावरच्या बाजूही बदलल्या. याविषयी डॉक्टरांना विचारण्याचा धीर मला अजून झालेला नाही.

मी मूत्रपिंड द्यायला तयार आहे. रक्तगट जुळतो आणि १९९४ च्या अवयव प्रत्यारोपण कायद्यानुसार पत्नी जवळच्या नातेवाइकांत धरली जाते. परंतु विषय काढला, की "मुलीला एक तरी धडधाकट माणूस हवे" एवढे म्हणून ते उठून जातात. त्यांची काळजी मला समजते. मात्र माझ्या शरीराचा निर्णय माझ्याशी न बोलताच झाला, हे मनाला फार लागते.

ज्यांच्या घरी डायलिसिस आहे, त्यांनी पथ्याची जबाबदारी पूर्णपणे रुग्णावर सोपवून पाहिली आहे का, आणि तसे करताना स्वतःची भीती कशी आवरली? दोघांनी मिळून समुपदेशकाकडे जाण्याचा विषय अबोल माणसापुढे कसा काढावा? शनिवार-रविवार डायलिसिस नसते, म्हणजे निवांत बसण्याचे दिवस तेच. पण शुक्रवार ते सोमवार हाच सर्वांत लांब खंड असल्यामुळे अंगात पाणी साठण्याची धास्तीही तेव्हाच जास्त असते. अशा रविवारी तुम्ही एकमेकांशी काय बोलता?