मालवण सागरी अभयारण्य: गाभ्यात पूर्ण बंदी हवी की नको?

खडपाळ: अभयारण्य १९८७ साली जाहीर झालं. एकूण २९.१२ चौ. किमी, त्यात सिंधुदुर्ग किल्ला, पद्मगड आणि आसपासचे बुडालेले खडक धरून गाभा जेमतेम ३.१८. मासेमारीबंदी फक्त या गाभ्यात ठेवा, पण तिथे ती कडक पाळा. सगळीकडे अर्धवट बंदी म्हणजे कुठेच नाही.

रापणकरी: साफ विरोध. वारा असताना लहान होडीला आसरा त्याच खडकांच्या आडोशाला मिळतो. खरा घाला बाहेरच्या पर्ससीनचा, म्हणजे अख्खा थवा घेरणाऱ्या मोठ्या जाळ्यांचा, आणि मासे खेचणाऱ्या एलईडी दिव्यांचा. बांगड्याचा थवा तुमची हद्द ओळखत नाही. हद्द ठरवताना स्थानिक मच्छीमारांच्या धंद्याचं हित राखा, असं वन्यजीव कायद्याचं कलम २६अ सांगतं.

खडपाळ: बांगड्याचं मान्य. पण गाभा बांगड्यासाठी नाहीच, गोबऱ्यासारख्या खडकाला धरून राहणाऱ्या माशांसाठी आहे. गोबरा आधी मादी असतो, मोठा झाला की नर होतो. मोठे मासे उचलत गेलात तर नरच उरत नाहीत.

भरतीरेषा: जगभरच्या ८७ संरक्षित क्षेत्रांचा अभ्यास २०१४ साली आला. पाच गुण तपासले: पूर्ण बंदी, चोख राखण, दहा वर्षांहून जुनं, १०० चौ. किमीपेक्षा मोठं, खोल पाण्याने किंवा वाळूने वेगळं पडलेलं. चार-पाच गुण होते तिथेच मासे ठळक वाढलेले दिसले. मालवणला फार तर तीन जमतील. तेवढ्यासाठी लोकांची चूल का विझवायची?

खडपाळ: फिलिपाइन्समधल्या आपो बेटाचं राखीव क्षेत्र तर काही हेक्टरांचंच. राखण गावाने केली आणि काही वर्षांनी हद्दीलगत गळाला मासे वाढले. राखण कोण करतं, यावर सगळं आहे.

नांगरदोर: दोन्ही बाजू एक गोष्ट विसरताहेत. स्नॉर्कलिंगच्या होड्या रोज खडकावर नांगर टाकतात आणि ओढताना प्रवाळ मोडतं. त्याला बंदी नको, होडी बांधायला कायमचे बोये, म्हणजे तळाला जखडलेले तरंगते गोळे हवेत. सिमेंटचा ठोकळा खडकावर नाही, शेजारच्या वाळूत बसवायचा. साखळी लांब सोडली तर ओहोटीला ती तळावर गोल फिरते आणि खालचं सगळं खरवडते. म्हणून मध्यावर एक छोटा तरंगता गोळा लावून ती उचलून धरायची. मे अखेरीस वरचा दोर आणि बोया काढायचा, नाहीतर जूनच्या लाटा तो तोडतात. ऑक्टोबरात गंजलेली कडी बदलून परत लावायचा.

रापणकरी: बोयांना माझी हरकत नाही. पण खर्च पर्यटकांच्या तिकिटातून काढा, आणि हिशोब रापण संघांसमोर, म्हणजे किनाऱ्यावरून जाळं ओढणाऱ्या आमच्या गटांसमोर मांडा. पूर्ण बंदीला मात्र माझा नकारच.