भूगोलाच्या प्राध्यापकीसाठी आधी पीएच.डी. की जीआयएसची (संगणकीय नकाशा व स्थानमाहिती प्रणालीची) पदविका?

प्रश्न:
नमस्कार. भूगोलात एम.ए. करून मी सेट (राज्यस्तरीय प्राध्यापक पात्रता परीक्षा) उत्तीर्ण झाले असून सध्या मुंबईच्या उपनगरातील एका महाविद्यालयात तासिका तत्त्वावर शिकवते. पुढील सत्रापासून डिजिटल नकाशांचे प्रात्यक्षिक माझ्याकडे येणार आहे. टोपोशीटचे (चढउतार, नद्या, रस्ते दाखवणाऱ्या सर्वेक्षण नकाशाचे) वाचन मला नीट येते, परंतु संगणकावरचे काम मी स्वतःच चाचपडत शिकले आहे. कायमस्वरूपी पदाच्या दृष्टीने आधी काय करावे?

उत्तर १:
मी ट्रेसिंग पेपरच्या काळापासून शिकवत आहे, म्हणून सांगतो की टोपोशीट येत असेल तर अवघड भाग आपण पार केला आहे. क्यूजीआयएस हे नकाशे बनवण्याचे सॉफ्टवेअर विनामूल्य आहे आणि भारतीय सर्वेक्षण विभागाचे १:५०,००० प्रमाणाचे खुले नकाशे २०१७ पासून उतरवून घेता येतात; त्यामुळे अडते ते साधनांवाचून नव्हे, पारखेवाचून. एकदा माझ्या विद्यार्थ्यांनी जुनी टोपोशीट उपग्रह प्रतिमेवर ठेवली, तेव्हा माहीमचा किनारा सुमारे शंभर मीटर सरकलेला दिसला आणि साऱ्या वर्गाने तो भराव ठरवला. वास्तविक जुनी शीट एव्हरेस्ट गोलाभावर, म्हणजे पृथ्वीच्या आकाराच्या जुन्या गणिती प्रतिमानावर आधारलेली होती, तर प्रतिमा डब्ल्यूजीएस ८४ या आजच्या जागतिक प्रतिमानावर. डेटम, म्हणजे अक्षांश-रेखांश मोजण्याचा हा आधार, बदलताच किनारा जागेवर आला. अशी शंका घेण्याची सवय विद्यार्थ्यांना लावणे, हेच माझ्या मते या विषयाच्या शिक्षकाचे खरे काम आहे.

उत्तर २:
यूजीसीच्या जुलै २०२३ च्या दुरुस्तीनुसार सहायक प्राध्यापकपदासाठी नेट किंवा सेट ही किमान पात्रता असून पीएच.डी. ऐच्छिक आहे. तरीही पुढील पदोन्नतीचा विचार करून नोंदणी करावी. पदविकेवर मात्र पैसे घालू नयेत. डेहराडूनच्या आयआयआरएस या सुदूर संवेदन संस्थेचे ऑनलाइन अभ्यासक्रम विनामूल्य आहेत.

उत्तर ३:
वरील दोन्ही उत्तरांशी सहमत आहे, मात्र मुलांना प्रयोगशाळेबाहेरही न्यावे. मिठी नदीकाठचा उतार काढण्यासाठी एसआरटीएम या अंतराळयानातून केलेल्या रडार मोजणीतली उंचीची माहिती घेतली, तर ती फेब्रुवारी २००० मधली असते आणि दाट वस्तीत इमारतींची उंचीही तिच्यात मिसळलेली असते. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला, तेव्हा पाणी कुठवर चढले होते, हे कुर्ल्यातले जुने रहिवासी आजही भिंतीवर हात ठेवून दाखवतात. त्या खुणा जमिनीपासून टेपने मोजून नकाशावर नोंदवायला लावाव्यात.

प्रश्नकर्ती:
सर्वांचे मनापासून आभार. पीएच.डी.साठी नोंदणी करते आणि पदविकेचा विचार सोडून देते. पहिल्या प्रात्यक्षिकाला डेटम न बदलता जुनी शीट आणि प्रतिमा एकावर एक ठेवीन व किनारा का सरकला, हे मुलांनाच शोधायला सांगेन.