मदत हवी आहे: आईचा डाय टाकून सीटी स्कॅन, क्रिएटिनीन १.४ आणि कोळंबीची ॲलर्जी

सुरंगी_रत्नागिरी

नमस्कार. थोडं सविस्तर लिहिते. गेले चार दिवस डोक्यात दुसरं काही नाही.

आई ६७ वर्षांची. मधुमेह १४ वर्षं, मेटफॉर्मिन ५०० सकाळ-संध्याकाळ. गेल्या महिन्यात पोट दुखतंय म्हणून सोनोग्राफी केली, तर डाव्या मूत्रपिंडात साधारण ३ सेंमीची गाठ दिसली. कोल्हापूरच्या युरोलॉजिस्टनी पोटाचा कॉन्ट्रास्ट सीटी, म्हणजे शिरेतून डाय देऊन काढायचा सीटी, सांगितला. रक्त तपासलं, क्रिएटिनीन (किडनीचं काम कसं चाललंय ते दाखवणारा रक्तातला घटक) १.४ आलं. लॅबच्या रिपोर्टवर ईजीएफआर, म्हणजे किडन्या रक्त किती गाळतात त्याचा अंदाज, ४१ छापलंय.

स्कॅन जवळच व्हावा म्हणून आधी इथल्या एका सेंटरला गेलो. फॉर्म भरताना मी लिहिलं की आईला कोळंबी चालत नाही, तोंडाला खाज सुटते. ते वाचून तिथल्या माणसाने लगेच सांगितलं, “यांना डाय देता येणार नाही, माशांची ॲलर्जी म्हणजे आयोडीनची ॲलर्जी.” आम्ही परत आलो. आई तेव्हापासून घाबरलेली आहे. शेजारच्या वहिनी म्हणाल्या, त्या इंजेक्शनने किडन्या जातात. आणि इथे तपासायची आहे तीच किडनी!

माझे प्रश्न:
कोळंबीचं ते खरं आहे का? क्रिएटिनीन १.४ असताना डाय द्यावा का? मेटफॉर्मिन कधी बंद करायचं? डाय न टाकता साधा सीटी किंवा त्याऐवजी एमआरआय चालेल का?

आणखी काही माहिती लागेल म्हणून: रक्तदाबाची एक गोळी चालू आहे. गुडघे दुखले की डायक्लोफिनॅक घेते. दम्याचा त्रास नाही. १९९१ मध्ये मुतखड्यासाठी आयव्हीपी झाली होती. तेव्हा पित्त झालं होतं असं ती सांगते, पण पित्ताचा त्रास तिला नेहमीचाच आहे.

शीर_सापडली

ताई, मी सीटीवर टेक्निशियन आहे, २२ वर्षं झाली. डॉक्टर नाही, त्यामुळे निर्णय तुमच्या डॉक्टरांचाच. पण कोळंबीचं आधी मनातून काढून टाका. कोळंबी-खेकड्याची ॲलर्जी त्यांच्या मांसातल्या प्रथिनाची असते, आयोडीनची नसते. आयोडीन आपल्या मिठात आहे, थायरॉईडमध्ये आहे. त्याची ॲलर्जी असती तर माणूस जगलाच नसता. बेटाडीन लावल्यावर कातडी लाल होते म्हणून डाय नको म्हणणारेही भेटतात, त्याचाही डायशी संबंध नाही. हा समज आमच्याच क्षेत्रात किती वर्षं टिकून आहे हे बघून वाईट वाटतं, कारण त्यापायी गरजेचे स्कॅन राहतात.

मला तुमच्या शेवटच्या ओळीत जास्त रस आहे. आयव्हीपी म्हणजे शिरेतून डाय देऊन काढलेले एक्स-रे. तो डायही आयोडीनचाच. तेव्हा “पित्त झालं” म्हणजे नक्की काय झालं? आंबट पाणी, मळमळ, की अंगावर पित्त उठलं? गांधी आल्या होत्या का? किती वेळाने? श्वास लागला होता का? आईंना आजच विचारा. त्यांच्यासोबत तेव्हा कोण होतं त्यांनाही विचारा.

सुरंगी_रत्नागिरी

बापरे. आत्ता मामाशी बोलले, तो होता तिच्याबरोबर. त्याला लख्ख आठवतंय. इंजेक्शन दिल्यावर पाच-दहा मिनिटांत मानेवर, पोटावर, मांड्यांवर गांधी उठल्या, डोळ्यांच्या पापण्या सुजल्या. श्वास लागला नव्हता, चक्करही नाही. एव्हिलचं (ॲलर्जीवरचं) इंजेक्शन दिलं, दोन तास झोपवून ठेवलं आणि संध्याकाळी घरी सोडलं. आईच्या लेखी ते “पित्त”, म्हणून फॉर्मवर “पूर्वी डायची ॲलर्जी झाली होती का” या प्रश्नाला तिने नाही म्हटलं आणि मीही तसंच लिहिलं. कोळंबी मात्र मोठ्या अक्षरात लिहिली.

क्षकिरण_कट्टा

मी रेडिओलॉजिस्ट. तुम्ही फोन केलात हे फार बरं झालं. तुमच्या आईंच्या बाबतीत सगळ्यात महत्त्वाची माहिती हीच होती. पूर्वी त्याच प्रकारच्या डायने ॲलर्जी झाली असेल तर पुन्हा होण्याची शक्यता इतरांपेक्षा बरीच जास्त, साधारण पाचपट धरतात. कोळंबीने तसा फरक पडत नाही.

आता यातली दिलासा देणारी बाजू. १९९१ मध्ये आपल्याकडे आयव्हीपीला बहुतेक ठिकाणी जुने आयनिक डाय वापरत. त्यांची तीव्रता (विरघळलेल्या कणांचं प्रमाण) रक्ताच्या कितीतरी पट, शिवाय ॲलर्जीही जास्त. आता आयोहेक्सॉल, आयोपामिडॉल, आयोडिक्सॅनॉल असे नॉन-आयनिक डाय असतात. जपानमध्ये ३ लाख ३७ हजारांहून अधिक रुग्णांची पाहणी झाली होती, ती १९९० मध्ये प्रसिद्ध झाली. जुन्या डायने काही ना काही त्रास १२.६६ टक्के लोकांना झाला, नव्याने ३.१३ टक्के. गंभीर त्रास ०.२२ वरून ०.०४ टक्क्यांवर आला. जगभर जुने डाय शिरेतून देणं मागे पडलं त्यामागे हे आकडे होते.

तरी आईंना डाय द्यायचाच झाला तर आडगावच्या सेंटरवर नको. जिथे भूलतज्ज्ञ हाताशी आहेत, अॅड्रेनालिन तयार आहे, गरज पडली तर आयसीयू आहे अशा रुग्णालयात करा. स्कॅनच्या आधी स्टिरॉइडच्या गोळ्या देण्याची पद्धत आहे, १३ तास, ७ तास आणि १ तास आधी. सोबत ॲलर्जीविरोधी औषध. हे रेडिओलॉजिस्ट आणि तुमचे फिजिशियन मिळून लिहून देतील, स्वतःहून सुरू करू नका. स्टिरॉइडने साखर चढते, ती मोजत राहावी लागेल. आणि स्टिरॉइड घेतलं म्हणजे त्रास होणारच नाही अशी हमी नसते, म्हणून डायनंतर किमान अर्धा तास तिथेच थांबायचं. हातातली सुई तोवर काढू देऊ नका.

मूत्रपिंडाबद्दल. ईजीएफआर ४१ असताना शिरेतून दिलेल्या डायने किडनी बिघडण्याचा धोका पूर्वी समजत होतो त्यापेक्षा बराच कमी आहे. अमेरिकेतल्या रेडिओलॉजिस्टांच्या आणि किडनीच्या संघटनांनी २०२० मध्ये एकत्र येऊन हेच मांडलं. ते खरी काळजी ३० च्या खाली करायला सांगतात. नेदरलँड्समध्ये ६६० रुग्णांवर प्रयोग झाला, २०१७ चा. ३० ते ५९ ईजीएफआर असलेल्यांना आधी सलाईन लावलं काय, न लावलं काय, किडनीच्या दृष्टीने फरक दिसला नाही. वहिनींना दोष देत नाही. मागच्या पिढीतल्या डॉक्टरांनीच ही भीती घातलेली आहे. पण डायक्लोफिनॅक मात्र आजपासून बंद. क्रिएटिनीन १.४ असलेल्या मधुमेही बाईंनी ती गोळी मनाने घेणं मला डायपेक्षा जास्त खटकतं. गुडघ्यांसाठी पर्याय डॉक्टरांना विचारा.

मेटफॉर्मिन: ते किडनीला इजा करत नाही. किडनी अचानक थांबलीच तर मेटफॉर्मिन शरीरात साठतं आणि रक्तात लॅक्टिक ॲसिड वाढू शकतं, म्हणून ही खबरदारी. इथे दोन मतं आहेत. रेडिओलॉजिस्टांची मार्गदर्शक सूचना म्हणते, ईजीएफआर ३० च्या वर असेल तर बंद करायची गरज नाही. औषधाच्या अमेरिकी माहितीपत्रकात ३० ते ६० मध्येही स्कॅनच्या वेळी थांबवून ४८ तासांनी किडनी तपासायला सांगितलंय. मी स्वतः तुमच्या आईंसारख्या रुग्णात दोन दिवस थांबवतो. त्यात जात काही नाही, आणि नंतरची रक्ततपासणी त्या निमित्ताने होते.

सह्यकडा

ताई, एमआरआयबद्दल मी अनुभवाने सांगतो. वडिलांच्या किडनीतल्या गाठीसाठी आम्ही तेच केलं होतं. एमआरआयचा डाय गॅडोलिनियम या धातूचा, त्यात आयोडीन नसतं, त्यामुळे आयव्हीपीला झालेल्या ॲलर्जीची आडकाठी आली नाही. पण किडनी कमजोर असेल तर तिथेही विचारावं लागतं. २००६ च्या सुमारास लक्षात आलं की किडनी जवळपास निकामी झालेल्या काही लोकांची कातडी गॅडोलिनियमनंतर कडक होत गेली. तो दोष मुख्यतः सरळ साखळीच्या जुन्या रेणूंचा होता. धातू पिंजऱ्यात घट्ट धरून ठेवणारे रेणू, गॅडोब्युट्रॉल, गॅडोटेरेट वगैरे, त्या मानाने खूप सुरक्षित. युरोपात २०१७ मध्ये जुन्यांपैकी बहुतेकांचा शिरेतला वापर थांबवला. कुठला देणार ते नावानिशी विचारा. पेसमेकर, जुनी क्लिप असेल तर आधी सांगा. बाबांना त्या नळीत ४० मिनिटं पडून राहणं फार जड गेलं होतं, तेही लक्षात घ्या.

क्षकिरण_कट्टा

सह्यकडांनी लिहिलंय ते बरोबर आहे. हा पर्याय युरोलॉजिस्टपुढे जरूर ठेवा.

साध्या सीटीबद्दल राहिलं होतं. गाठीत डाय शिरतो का, हाच या तपासणीचा गाभा आहे. डायच्या आधी आणि नंतर गाठीची घनता हाऊन्सफिल्ड एककात मोजतात. २० पेक्षा जास्त वाढली तर गाठीला रक्तपुरवठा आहे, म्हणजे ती जिवंत पेशींची आहे. पाण्याची साधी पिशवी असेल तर ती वाढत नाही. साध्या सीटीत एवढं कळत नाही. एक अपवाद आहे. साध्या चित्रातच गाठीत स्पष्ट चरबी दिसली तर ती बहुधा अँजिओमायोलिपोमा, कर्करोग नव्हे. म्हणून सेंटरला सांगून ठेवा की आधी साधी चित्रं काढून रेडिओलॉजिस्टना दाखवा, डायचं मग ठरवा. तुमच्या आईंच्या बाबतीत तेवढी वाट बघण्यात शहाणपण आहे.

शीर_सापडली

थोडं व्यवहाराचं. अपॉइंटमेंट सकाळची घ्या. “उपाशी या” म्हणतील, पण पाणी चालतं का ते स्पष्ट विचारा. बहुतेक ठिकाणी चालतं, आणि मधुमेही माणसाने तहानलेलं येऊ नये. डाय आत जाताना अंग गरम होतं, तोंडात धातूची चव येते, आणि लघवी झाल्यासारखं वाटतं. बायकांना त्या शेवटच्या गोष्टीची फार लाज वाटते, त्या हलतात आणि चित्र बिघडतं. आईंना आधीच सांगा की तसं फक्त वाटतं, होत नाही. हात दुखला, फुगल्यासारखा वाटला तर लगेच ओरडायचं. कधी डाय शिरेबाहेर जातो, तेव्हा इंजेक्टर तिथल्या तिथे थांबवावा लागतो.

सुरंगी_रत्नागिरी

तीन आठवड्यांनी लिहिते आहे, माफ करा. स्कॅन झाला, कोल्हापुरातच, मोठ्या रुग्णालयात.

युरोलॉजिस्टनी सगळं ऐकून घेतलं. एमआरआयची गोष्ट काढली, पण आईने बंद नळीत जायला साफ नकार दिला. मग रेडिओलॉजिस्टशी बोलून सीटीच ठरला. स्कॅन सकाळी दहाला होता. म्हणजे गोळ्या आदल्या रात्री नऊला, पहाटे तीनला आणि सकाळी नऊला. लॉजवर तीनचा गजर लावून मी तिला उठवलं तेव्हा ती जागीच होती. सकाळी साखर २७८. फिजिशियननी आधी सांगून ठेवलं होतं म्हणून घाबरलो नाही.

साधी चित्रं आधी काढली. चरबी नव्हती. मग आयोडिक्सॅनॉल दिलं, ९० मिली. मी काचेच्या या बाजूला होते. भूलतज्ज्ञ मॅडम आईचा हात धरून डाय सुरू होईपर्यंत आत थांबल्या होत्या. त्यांचं नाव मला कायम लक्षात राहील. काही झालं नाही. गांधी नाहीत, सूज नाही. आई बाहेर येऊन म्हणाली, “ते लघवीचं सांगितलं होतंस ना, तस्संच वाटलं गो.” तिसऱ्या दिवशी पोटावर थोडं पुरळ आलं. डॉक्टर म्हणाले, उशिराने येणारं असं पुरळ आठवड्याभरात कधीही दिसू शकतं. चार दिवसांत गेलं. ४८ तासांनी क्रिएटिनीन १.५, आठवड्याने परत १.४. मग मेटफॉर्मिन सुरू केलं.

गाठीत डाय शिरतो आहे. घनता २० पेक्षा बरीच वाढली. किडनी वाचवून फक्त गाठीचा भाग काढायचा असं ठरतंय, तारीख पुढच्या महिन्यातली. त्याबद्दल वेगळा धागा काढेन.

आईच्या फाईलच्या पहिल्या पानावर मी लिहून ठेवलंय: “१९९१, आयव्हीपी, डायने अंगभर गांधी व पापण्यांना सूज.” अजून काही लिहायला हवं का?

शीर_सापडली

ताई, बरं वाटलं वाचून. खाली आत्ताचंही लिहा: डायचं नाव आयोडिक्सॅनॉल, ९० मिली, तारीख, आधी कोणत्या गोळ्या दिल्या, लगेच त्रास नाही, तिसऱ्या दिवशी पुरळ. नुसतं “डायची ॲलर्जी” लिहिलं तर पुढचा माणूस सगळेच डाय नाकारेल. नावं असली तर त्याला निवड करता येते. आणि मराठीत “अंगावर पित्त उठलं” असंही कंसात लिहा, म्हणजे आईंना कोणी विचारलं तर त्या हो म्हणतील.