डिझेल इंजिन बसवलं, पण स्टार्टर जड फिरतो

प्रश्न: जुनं इंजिन उतरवून दुसरं बसवलं. १२ व्होल्टची बॅटरी नवी आहे, तरी स्टार्टर कण्हत फिरतो. काल सेल मारताना ॲक्सिलरेटरची केबल चटका बसेल इतकी तापली! बॅटरीची निगेटिव्ह तार चासीला (गाडीच्या लोखंडी सांगाड्याला) पक्की आवळली आहे. काय राहिलं असेल?

उत्तर: केबल तापली हीच खूण. इंजिन रबरी माउंटिंगवर आहे ना? रबरातून वीज जात नाही, म्हणून स्टार्टरचे शेकडो अँपिअर इंजिनातून ॲक्सिलरेटरच्या त्या बारीक तारेतून चासीकडे परततायत. आधी सेल मारणं थांबवा, आग लागेल. ब्लॉक (इंजिनाचं मुख्य धातूचं अंग) ते चासी अर्थिंगची पट्टी टाका, स्टार्टरच्या केबलइतकी जाड. बोल्टखालचा रंग खरवडून धातू चकचकीत करा. मी एकदा रंगावरच आवळली होती, दोन दिवस स्टार्टर खोलत बसलो.

दुसरं उत्तर: नंतर मोजून घ्याच. मल्टिमीटरची एक पिन बॅटरीच्या निगेटिव्हवर, दुसरी ब्लॉकवर; इंधन बंद ठेवून कुणालातरी सेल मारायला सांगा. अर्ध्या व्होल्टच्या वर गेलं तर जोड सैल समजा.

प्रश्नकर्ता: पट्टी जुन्या इंजिनालाच लटकत राहिली होती! टाकली, आता ०.२ व्होल्ट. केबल थंडगार. मनापासून आभार.