मदत हवी आहे: खताच्या बादलीला वास येतोय

मंडळी, दीड महिन्यापूर्वी ओल्या कचऱ्याचं खत करायला बाल्कनीत झाकणाची बादली ठेवली. बाजूंना भोकं पाडली, तळाला नाही. घोळ बहुधा तिथेच झाला. आता खाली काळं पाणी साचलंय आणि झाकण उघडलं की नाक धरावं लागतं. हवा खेळली नाही की कचरा नुसता सडतो, एवढं कळलंय. कर्ब-नत्र प्रमाण, म्हणजे कचऱ्यातल्या कार्बनचं नायट्रोजनशी प्रमाण, साधारण ३०:१ हवं (वाळक्या पाल्यात कार्बन जास्त, ओल्या सालींत नायट्रोजन), हेही वाचलं. पण भाजीच्या सालींना वाळका पाला किती, हे घरात मोजायचं कसं? मुठींच्या हिशेबात सांगा ना. शिवाय पांढुरक्या अळ्या झाल्यात, त्या राहू द्याव्यात का? घरचे तर बादलीच फेकायला निघालेत. सगळं उपसून नव्याने सुरू करू, की पाला मिसळून हेच वाचेल?